शेजारधर्म : निपाणीकडच्या गल्लीत नव्यानं राहायला येणाऱ्या हिंदू घरांसाठी

निपाणीत शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता गल्लीतल्या महिला भजनी मंडळाचं बघते. कुणी पुण्याहून सून होऊन येते, कुणी कोकणातून नोकरीसाठी बिऱ्हाड घेऊन येतं, आणि थोड्याच दिवसांत दारात येऊन विचारतात : "बाई, समोरच्यांनी उरुसाचा मलिदा दिलाय, घ्यायचा काय?" "जैन काकूंकडं जाताना काय न्यायचं?" "त्यांच्या मयताला गेलेलं चालतंय का?" प्रश्न चांगले आहेत. न विचारता अंदाजानं वागण्यापेक्षा विचारलेलं केव्हाही बरं. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. दुसऱ्या धर्माकडं बघण्याची जी दृष्टी आपल्याला मिळाली आहे, ती मोठी आहे. ऋग्वेद म्हणतो, सत्य एक आहे, जाणते त्याला अनेक नावांनी बोलवतात. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात, श्रद्धेनं दुसऱ्या देवतांना भजणारेही मलाच भजतात. तुकोबा भेदाभेदाला सरळ अमंगळ म्हणून मोकळे होतात. आमच्या मंडळात श्रावणी सोमवारी शिवमहिम्न म्हणतो, त्यात तर स्पष्टच आहे : आवडी वेगळ्या, म्हणून कुणी सरळ वाटेनं जातो, कुणी वाकड्या, पण सगळं पाणी जसं समुद्राला मिळतं तसे सगळे तुलाच मिळतात. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात मुक्कामाला होते. पुढच्या वर्षी शिकागोच्या धर्मपरिषदेत पहिल्याच भाषणात त्यांनी हाच श्लोक म्हटला.

पण या वचनांचा वापर कुठं करायचा, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ती आपल्यासाठी आहेत, आपल्या मनाचं दार उघडावं म्हणून. शेजाऱ्याला "तुमचं-आमचं सगळं एकच हो" असं सांगायला ती नाहीत. तुमच्या लेखी ते एक असेल, त्याच्या लेखी नसेल. मुसलमान माणूस अल्लाशिवाय दुसरा देव मानत नाही. जैन माणूस जग निर्माण करणारा ईश्वरच मानत नाही. तुम्ही प्रेमानं म्हणता, आणि त्याला वाटतं, माझं म्हणणं यांनी ऐकलंच नाही.

याचं सगळ्यात बोचणारं उदाहरण बौद्ध शेजाऱ्यांचं. बुद्धजयंतीला शुभेच्छा द्यायला गेलेली भली माणसं मी बघते. बसतात, चहा घेतात, आणि उठताना म्हणतात, "बुद्ध म्हणजे आमच्या विष्णूचाच नववा अवतार की." बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिली, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही, अशी वेगळी प्रतिज्ञाच आहे. म्हणजे जे नाकारून ती माणसं बाहेर पडली, तेच तुम्ही त्यांच्या सोप्यात बसून त्यांना परत देता. हे करू नका. जयभीम म्हणा, खीर खा, बाबासाहेबांबद्दल त्यांना बोलतं करा. एप्रिल १९२५ मध्ये याच निपाणीत त्यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांची परिषद भरली होती. दर्ग्यात डोकं टेकवायचं आणि आपल्याच गावच्या खालच्या आळीतल्या माणसाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, याला सर्वधर्मसमभाव म्हणत नाहीत. मी हे भजनी मंडळातही बोलते, काही जणींना आवडत नाही, तरी बोलते.

उरूस, दर्गा, मशीद

निपाणीचा उरूस हा गावाचा सण आहे. हजरत दस्तगीर पीराची इथली प्रतिष्ठापना केली संत बाबा महाराज चव्हाण यांनी, आणि चव्हाण घराण्याचा मान आजही आहे. त्यामुळं "हिंदूंनी जावं का" हा प्रश्न इथं कुणी विचारत नाही. कुडचीच्या दर्ग्यालाही आपली माणसं नवस फेडायला जातात. सौंदत्ती तालुक्यात हिरेबिदनूर म्हणून गाव आहे, तिथं मुसलमानाचं घर नाही, तरी मोहरम होतो आणि मशिदीची व्यवस्था हिंदू पुजारी बघतो.

दर्ग्यात जाताना डोकं झाकायचं, पुरुषांनीसुद्धा. रुमाल चालतो. चपला बाहेर. फुलं, उदबत्ती, मलिदा घेऊन जा. गलेफ, म्हणजे पीराच्या कबरीवरची चादर, घालायचा असेल तर तो हातात धरून मुजावरांकडं, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांकडं, द्या, ते सांगतील तसा घाला. आतल्या मजारीपर्यंत, म्हणजे कबरीपर्यंत, बायकांनी जायचं की उंबऱ्याबाहेर थांबायचं, हे प्रत्येक दर्ग्यात वेगळं असतं. मुजावरांना आधी विचारा, आणि बाहेर थांबा म्हटले तर तिथंच वाद घालू नका. निघताना मजारीकडं एकदम पाठ करत नाहीत, दोन पावलं मागं सरून मग वळतात. हात जोडून नमस्कार केला तर कुणाची हरकत नसते. मलिदा म्हणजे चपाती किंवा रोटीचा चुरा, गूळ आणि तूप. निःशंक खा.

मशीद वेगळी. ती नमाजाची जागा, नवसाची नव्हे. तिथं हार-नारळ घेऊन जाऊ नका. आत बघायची इच्छा असली तर नमाजाची वेळ सोडून जा, ओळखीच्या माणसाला बरोबर घ्या, आणि कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या पुढून जाऊ नका.

आता एक नाजूक मुद्दा, यावर मन मोठं ठेवा. मोहरमचे पंजे बसवणं, ताबूत, निखाऱ्यांच्या खाईतून चालणं, नवस बोलणं, हे सगळ्या मुसलमानांना पटत नाही. त्यांच्यातलेच कितीजण म्हणतात, हे आमच्या धर्मात नाही. कुणी पूर्वी गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल उधळायचा, आता लांबून बघतो. लगेच आपल्याकडं कुजबुज सुरू होते, "बदलला गं तो, कट्टर झाला." का? आपल्या आत्याबाई चातुर्मासात हॉटेलचा चहा घेत नाहीत, त्यांना आपण नेमाच्या बाई म्हणतो. त्याचाही तो नेम आहे. शेजारी चांगला की वाईट हे तो गुलाल लावतो का यावरून ठरवू नका. रात्री-अपरात्री दार वाजवलं तर उघडतो का, ते बघा.

डबा

गल्लीतला खरा व्यवहार डब्यातून चालतो. त्यामुळं यावर जरा जास्त लिहिते.

दिवाळीचा फराळ मुसलमान घरी द्यायचा असेल तर नैवेद्य दाखवण्याआधी डबा वेगळा काढा. देवापुढं ठेवलेलं काही जण आनंदानं खातात, काही जणांना ते धर्मानं चालत नाही. समोरच्या आपांनी मला कधी तोंडानं सांगितलं नाही, पण पंचखाद्याची वाटी त्या हातात घेऊन घुटमळल्या, तेव्हा मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, घरच्या करंज्या कितीबी द्या, चढवलेलं नको." तेव्हापासून त्यांचा डबा मी आधीच भरते. यात अपमान काही नाही. नैवेद्य आपल्याला प्रसाद आहे, त्यांना नाही, एवढंच.

ईदला शिरखुर्मा येतो, तो गरम असतानाच खा आणि वाटी रिकामी परत पाठवू नका. साखर, दोन पेरू, काहीही घाला. बकरी ईदला शेजारी मटण देऊ का म्हणून विचारतात. खात असाल तर घ्या, श्रावण असेल तर तसं सांगा. खात नसाल तर सरळ सांगा, "आमच्यात खात नाहीत." तोंड वाकडं करायचं नाही, नाकाला पदर लावायचा नाही. बहुतेक घरांत शाकाहारी शेजाऱ्यांसाठी भांडी वेगळी काढलेली असतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. रोज्याच्या दिवसांत "अहो, घोटभर चहानं काय होतंय" अशी थट्टा करू नका. इफ्तारला बोलावलं तर सूर्य मावळायच्या आधी जाऊन बसा, ते खजूर तोंडात घालतील तेव्हा तुम्ही घाला.

जैन शेजारी निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी भागात पुष्कळ. बहुतेक शेतकरी, बोलायला मराठी नाहीतर कन्नड, आडनाव पाटील किंवा मगदूम, त्यामुळं नव्या माणसाला कळतच नाही. त्यांना डबा देताना कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, रताळं, बीट काही नको, मधही नको. आणि दिवस मावळायच्या आत द्या. चातुर्मासात नेम आणखी कडक असतात, पालेभाज्यासुद्धा कित्येकजणी सोडतात. सगळ्यात सोपं म्हणजे नारळ, फळं किंवा कोरडा शिधा. त्यांच्याकडं पर्युषणानंतर क्षमा मागतात. शेजारच्या काकू हात जोडून "वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा" म्हणाल्या तर "अहो, तुमचं काय चुकणार" असं म्हणून हसण्यावारी नेऊ नका. हात जोडा आणि तुम्हीही मागा. आणि दिवाळी त्यांचीही आहे, पण ती महावीरांच्या निर्वाणाची. अमावास्येला पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, निर्वाणलाडू चढवतात.

बस्ती आणि मुनी महाराज

विसाव्या शतकात दिगंबर मुनींची परंपरा ज्यांनी पुन्हा उभी केली, ते आचार्य शांतिसागर महाराज निपाणीजवळच्या भोज गावच्या घराण्यातले. तवंदी घाटाजवळ स्तवनिधीचं जैन तीर्थक्षेत्र आहे. त्यामुळं मुनींचा पायी विहार इथल्या रस्त्यांवर नेहमी दिसतो. नव्या घरातल्या मुलांना हे आधीच नीट समजावून सांगा : महाराज दिगंबर असतात, कारण त्यांनी वस्त्रासकट सगळं सोडलं आहे. हसायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. वाटेत भेटले तर बाजूला होऊन "नमोस्तु" म्हणा. पायांना हात लावायला धावू नका, बायकांनी तर नाहीच. ते दिवसातून एकदा, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात आणि त्यात केस किंवा किडा निघाला तर त्या दिवशी तसेच परत फिरतात. म्हणून समोरच्या घरी आहार चालू असेल तेव्हा हाका मारत आत जायचं नाही. बस्तीत जाताना चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवा आणि गाभाऱ्यात शिरू नका.

इथलं हे नातं जुनं आहे. खानापूर तालुक्यातलं हलशी पाहून या. आज तिथं भूवराह नरसिंहाचं मोठं देऊळ आहे, कदंब राजांच्या काळात या गावाचं नाव पलाशिका होतं. वैदिक यज्ञ करणाऱ्या घराण्यातल्या मृगेशवर्म्यानं पाचव्या शतकात तिथं जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधलं आणि जैन संघांना जमीन दिली, असं ताम्रपट सांगतात. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ सालातली कमलबस्ती, आदिलशाही काळातली सफा मशीद आणि रामकृष्ण आश्रम असे तिन्ही एका दिवसात पाहून होतात. मुलांना घेऊन जा.

पण त्यांना अर्धाच इतिहास सांगू नका. हावेरी भागातल्या अब्लूरच्या शिलालेखात शैवांनी जैनांवर मात करून जिनमूर्ती फोडल्याची कथा अभिमानानं कोरलेली आहे. आपल्याकडं कधी काही घडलंच नाही, असं म्हणणारा माणूस पुढचं भांडण मिटवू शकत नाही.

लिंगायत, ख्रिस्ती

लिंगायत घरात "शरणु शरणार्थी" म्हणा. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावू नका, ते दाखवा म्हणू नका. मयत झाली तर तिथं दहन नसतं, बसवून पुरतात. आपल्याकडच्या नव्या माणसाला ते बघून धक्का बसतो, म्हणून आधीच सांगते. आणि "तुम्ही हिंदूच ना?" हा प्रश्न तर विचारूच नका. २०१८ साली कर्नाटक सरकारनं वेगळ्या धर्माच्या दर्जाची शिफारस केली, तेव्हापासून एकाच घरात थोरला एक म्हणतो, धाकटा दुसरं म्हणतो. ते ठरवणारे ते. शिशुनाळच्या शरीफसाहेबांची तत्त्वपदं, म्हणजे कन्नड भजनं, मात्र त्यांच्या घरी जरूर ऐका. मुसलमान घरात जन्मलेल्या या संताचे गुरू गोविंदभट्ट हे ब्राह्मण होते, आणि समाधीवर आजही दोन्हीकडची माणसं जातात.

ख्रिस्ती शेजारी निपाणीत थोडे, बेळगावच्या कॅम्पात आणि खानापूरकडं जास्त. नाताळला जा, केक-नेवऱ्या खा. चर्चमध्ये सगळे उभे राहिले की उभं राहायचं. पण फादर जो पवित्र प्रसाद देतात त्या रांगेत आपण लागायचं नाही. तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. आपल्या सवयीनं हात पुढं करून प्रसाद म्हणून घेऊ नका, जागेवर बसून राहा. गुड फ्रायडेला शुभेच्छा देत नाहीत, तो दुःखाचा दिवस आहे.

मिरवणुकीचे दिवस

तुमच्या घरातलं कुणी गणेश मंडळात असेल तर हे त्याला वाचायला द्या.

हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतं, त्यामुळं काही वर्षं दोन्ही सण एकमेकांवर येतात. २०१८ ते २०२० मोहरम गणपतीत आला. सीमेपलीकडं महाराष्ट्रात कुरुंदवाडला मशिदीतच गणपती बसतात, तिथं पंजे आणि गणपती शेजारी शेजारी होते. २०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. बेळगावच्या मुस्लिम समाजानं त्यांची मिरवणूक पुढं ढकलली. ही उपकाराची परतफेड मागायची गोष्ट नव्हे, पण लक्षात ठेवायची मात्र आहे. पुढच्या वेळी मार्ग किंवा वेळ बदलायची पाळी आपली असली तर मंडळातल्या पोरांनी "आम्हीच का" म्हणू नये.

वर्गणी काढायच्या आधी वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसा. दोन्ही सण जवळ आलेत असं दिसलं तर पोलिसांच्या शांतता समितीची वाट बघू नका. मंडळाचे दोघेतिघे आणि मोहल्ल्यातले दोघेतिघे वडीलधारे, कुणाच्या तरी सोप्यात चहावर बसा. तीन गोष्टी ठरवा : मिरवणूक मशिदीपुढून किती वाजता जाणार, तेव्हा ढोल-साउंड कुठून कुठपर्यंत थांबणार, आणि दोन्हीकडची पोरं आवरायला कोण उभं राहणार. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि भांडण नेमकं तिथंच होतं. ज्याचा शब्द पोरं ऐकतात असाच माणूस नेमा, वयानं लहान असला तरी चालेल.

वाद्यांवरून भांडण काही आजचं नाही. विजयनगरच्या बुक्करायासमोर १३६८ साली जैन आणि वैष्णव असाच तंटा घेऊन आले. श्रवणबेळगोळच्या शिलालेखात निकाल वाचायला मिळतो. राजानं जैनांचा हात वैष्णवांच्या हातात दिला, दोन्ही दर्शनांत भेद नाही म्हणाला, आणि तेवढ्यावर थांबला नाही. जैनांना पंचमहावाद्यं आणि कलशाचा हक्क पूर्वीसारखाच राहील, बेळगोळच्या देवाच्या राखणीसाठी माणसं नेमावीत, पडक्या जिनालयांची डागडुजी व्हावी, असं नेमकं ठरवून दिलं. दोन्हीकडं भेद नाही हे म्हणून झाल्यावर वाद्यं, राखण, दुरुस्ती यांचं कलमवार बोलावं लागतं, तरच ते टिकतं. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजी बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते आयुष्यात तेवढं एकदाच. त्याच्या तीनच महिने आधी दंगलींनी व्यथित होऊन त्यांनी दिल्लीत मौलाना महंमद अलींच्या घरी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला होता. एवढ्या मोठ्या माणसालाही ऐक्य आपोआप मिळालं नाही.

मोबाइलवर काही आलं की, "अमुक गावात असं झालं, सगळ्यांना पाठवा", तर त्या गावात आपलं कोण आहे ते आठवा आणि फोन लावा. सीमाभागात प्रत्येकाचा कुणी ना कुणी मामा, मेव्हणा पंचक्रोशीत असतोच. खात्री होईपर्यंत पुढं पाठवू नका, आणि घरातल्या पोरानं पाठवलं असेल तर सगळ्यांसमोर त्याला ओरडू नका, बाजूला घेऊन फोन लावायला शिकवा.

मयत

नव्या माणसाला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, आणि सगळ्यात जास्त गरज इथंच असते.

मुसलमान घरी मयत झाली तर जरूर जा. पुरुषांना जनाज्याला खांदा देता येतो. जनाज्याच्या नमाजाच्या वेळी बाजूला शांत उभं राहायचं, नंतर कबरीत मूठमूठ माती टाकतात तेव्हा तुम्हीही टाकू शकता. बायका कबरस्तानात जात नाहीत, घरातल्या बायकांजवळ बसतात. हार नेऊ नका, ती पद्धत सगळीकडं नसते. "देवाची मर्जी" एवढं बोललात तरी पुरे. पुनर्जन्म, आत्मा, कर्म यातलं काही समजावत बसू नका, त्यांचं मानणं वेगळं आहे. जैन घरी तर सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय राहणारी माणसं दुःखातही असतात, तिथं रात्री जेवणाचा आग्रह करू नका, सकाळी लवकर दूध-चहा न्या.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. तिथं जेवण शेजारच्या घरांतून जातं, आणि तेव्हा कुणाच्या घरचं हे कुणी विचारत नाही. भात-आमटी, भाकरी, पिठलं, साधंच करा. जाण्याआधी दुसऱ्या शेजारणींशी बोलून सकाळ कुणाची, संध्याकाळ कुणाची ते वाटून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी चार पातेली येतात आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही. किती पानांचं लागेल ते घरातल्या थोरल्या सुनेला हळूच विचारा, कारण हुबळी, मिरज, कोल्हापूरकडचे पाहुणे रात्री उशिरापर्यंत येत असतात.